चाव्याला हशा आला म्हणजे प्रयोग पडला का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एका व्हॅम्पायरकथेचं दोन अंकी रूपांतर तुम्ही बसवलंत, त्याचे सहा प्रयोग झाले. पहिल्या अंकाच्या शेवटी काउंट, म्हणजे रक्त पिणारा व्हॅम्पायर, नायिकेच्या मानेला चावायला वाकतो, तिथे सहाही वेळा हशा आला. दुसऱ्या अंकात छातीत मेख ठोकण्याच्या प्रवेशाला प्रेक्षागृह चिडीचूप होतं, पण प्रयोगानंतर कुणी म्हणालं ‘भीती काही वाटली नाही’, कुणी म्हणालं ‘पुस्तकासारखं नाही’. एक बाई मध्यंतराआधीच उठून गेल्या. चौथ्या प्रयोगाला तिसऱ्या रांगेतल्या एका तरुणाला भोवळ आली. चाव्याचा प्रवेश अंधारात न्यावा की काढूनच टाकावा, आणि एवढ्या उलटसुलट प्रतिक्रियांमधली खरी कोणती धरायची, असं तुम्ही विचारलंय.

प्रवेश काढू नका. अंधारातही नेऊ नका. तुमची संहिता मी दोनदा वाचली. माझं मत असं झालंय की तो हशा चाव्याला आलेलाच नाही. आधीची पस्तीस मिनिटं प्रेक्षकाने जो श्वास धरून ठेवला, तो तिथे सुटतो.

मी सव्वीस वर्षं नाटकात आहे, आधी प्रकाशयोजना केली, नंतर दिग्दर्शन. व्हॅम्पायरची तीन नाटकं केली आणि तिन्ही वेळा हा प्रश्न समोर आला. घाबरलेला माणूस सगळ्यात आधी श्वास रोखतो. रोखलेला श्वास कधीतरी सोडावाच लागतो, आणि अंधारात आजूबाजूला तीनचारशे माणसं बसलेली असताना तो सोडायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे हसणं. किंचाळलं तर शेजारचा वळून बघतो. हसलं तर शेजारचाही हसतो. तुमच्या पहिल्या अंकात हसायला एकही हक्काची जागा नाही. डॉक्टर पहिल्या वाक्यापासून दबक्या आवाजात बोलतो, मोलकरीण थरथरत दिवा आणते, गाडीवान क्रूस छातीशी धरूनच आत येतो. कुणीही साधं बोलत नाही. मग प्रेक्षक आपली जागा आपण शोधतो, आणि त्याला सापडते ती नेमकी चाव्याची, कारण त्या क्षणाची कल्पना त्याला तिकीट काढतानाच असते. काउंट मान वाकवायला लागला की सगळ्यांना पुढचं कळतं, आणि कळूनही आठ सेकंद थांबावं लागतं. त्या आठ सेकंदांत हशा जन्माला येतो.

व्हॅम्पायर रंगमंचावर आला त्या पहिल्या उन्हाळ्यापासून हे असंच चालत आलंय. जॉन पॉलिडोरीची व्हॅम्पायरकथा १८१९ मध्ये छापून आली आणि १३ जून १८२० रोजी पॅरिसच्या पोर्त-सँ-मार्तँ नाट्यगृहात तिच्यावरचं नाटक लागलं. त्याच्या लेखकांपैकी एक होता शार्ल नोदिए. लोकांनी गर्दी केली, आणि त्याच उन्हाळ्यात पॅरिसमधल्या दुसऱ्या रंगमंचांवर व्हॅम्पायरची टर उडवणारी प्रहसनंही लागली. म्हणजे ज्या शहरात लोक या नाटकाला घाबरायला जात होते, त्याच शहरात त्याच आठवड्यांत ते त्याच पात्राला हसायलाही जात होते. मला यात विसंगती दिसत नाही. त्या प्रेक्षकाला दोन्ही हवं होतं आणि नाट्यगृहांनी त्याला ते वेगवेगळ्या छपरांखाली दिलं.

याच नाटकाची आणखी एक गोष्ट मी प्रत्येक नवीन दिग्दर्शकाला सांगतो. १८२३ मध्ये ते पुन्हा लागलं तेव्हा तरुण अलेक्झांडर द्यूमा प्रयोगाला बसला होता. शेजारचा गृहस्थ नाटकाबद्दल सतत नाराजी दाखवत होता; शेवटी त्याने शिट्ट्या मारायला सुरुवात केली आणि त्याला बाहेर काढण्यात आलं. तो गृहस्थ नोदिए होता, हे द्यूमाने पुढे आपल्या आठवणींत लिहिलं. खुद्द लेखकच! सगळ्यात मोठ्या आवाजातली प्रतिक्रिया कोणाची आहे आणि त्याच्या मनात काय चाललंय, हे कळल्याशिवाय नाटकाला हात लावायचा नाही, हा नियम मी तेव्हापासून पाळतो.

लंडनमध्ये १८२० च्याच ९ ऑगस्टला नाटककार जेम्स रॉबिन्सन प्लँशेने ही कथा इंग्लिश ऑपेरा हाउसमध्ये आणली. कथानक त्याने स्कॉटलंडमध्ये नेलं, कारण व्यवस्थापकाकडे स्कॉटिश वेशभूषा तयार होती. पण लोकांच्या लक्षात राहिली ती एक सुतारकामाची करामत. फळ्यांच्या दोन झडपा, त्यांना स्प्रिंग; नटाच्या वजनाने त्या उघडायच्या आणि तो आत गेला की क्षणात मिटायच्या. बघणाऱ्याला वाटायचं, माणूस घट्ट लाकडातून आरपार गेला. रंगभूमीच्या भाषेत त्या झडपेला आजही ‘व्हॅम्पायर ट्रॅप’ म्हणतात. अशा जागी हशा येत नाही, कारण डोळ्याला आधी दिसतं आणि डोक्याला मागाहून कळतं. तुमच्या चाव्यात नेमकं उलटं होतंय. डोक्याला आठ सेकंद आधी कळतं आणि डोळ्याला नंतर दिसतं.

यावर दोन उपाय आहेत. एक तर चावा अपेक्षेच्या आधी घडवायचा, प्रेक्षक तयार व्हायच्या आत. किंवा त्या आधीच त्याला मनापासून हसवून घ्यायचं. मी स्वतः दुसरा उपाय निवडतो, कारण पहिल्याने दचकवता येतं पण दचकणं दोन सेकंदांत विरतं.

पॅरिसच्या ग्राँ गिन्योल नाट्यगृहाने तर या दुसऱ्या उपायावर सगळा कारभार उभा केला होता. १८९७ मध्ये ते सुरू झालं, १९६२ पर्यंत चाललं. एका संध्याकाळी छोटी छोटी नाटकं दाखवायचे: एक अंगावर काटा आणणारं, मग एक प्रहसन, मग पुन्हा रक्तपात. गरम पाणी, गार पाणी, पुन्हा गरम पाणी. हसून सैल झालेल्या माणसाला पुढची भीती दुप्पट लागते, हे त्यांना रोजच्या तिकीटविक्रीवरून पाठ झालं होतं.

आता आमचं उदाहरण जवळून सांगतो, कारण तुमच्या कामाचं ते जास्त आहे. आमच्या दुसऱ्या व्हॅम्पायर नाटकात पहिल्या चार प्रयोगांना चाव्यावर असाच हशा आला. काउंटचं काम करणारा नट हादरला होता. पाचव्या प्रयोगाच्या तालमीत आम्ही चाव्याला अजिबात हात लावला नाही. त्याच्या दीड मिनिट आधी घरातली म्हातारी मोलकरीण काउंटचा कोट घ्यायला येते, तिथे दोन वाक्यं घातली. ती विचारते, ‘जेवून आलात की व्हायचंय?’ तो हातमोजे काढत, तिच्याकडे न बघता म्हणतो, ‘व्हायचंय.’ एवढंच. प्रेक्षागृह खदखदून हसलं. तिला माहीत नाही आणि आपल्याला माहीत आहे, या सुखाचा तो हशा होता. ती कोट घेऊन आत जाते, दार मिटतं, आणि त्या हशाच्या शेपटावरच नायिका जिन्यावर दिसते. पुढची नव्वद सेकंदं कुणी हललं नाही. नटाने मान तितक्याच सावकाश वाकवली होती, दिवे तेच होते. प्रेक्षकाची छाती तेवढी मोकळी झाली होती.

यात एक काळजी घ्यावी लागते. हे वाक्य नटाने डोळा मारून म्हटलं, किंवा हशा वसूल करायला थांबला, की सगळं संपलं. काउंटने ते खरोखर भूक लागलेल्या पाहुण्यासारखं म्हणायचं. विनोद परिस्थितीत असतो, पात्राला त्याची खबर नसते. पात्रानेच आपल्या स्वतःच्या भयानकपणाची मजा घ्यायला सुरुवात केली तर दुसऱ्या अंकात त्याला कुणी घाबरत नाही. याची मोठी शिक्षा एका नाटकाला झालेली आहे. १९९७ मध्ये व्हिएन्नात ‘तान्झ डेअर व्हाम्पिअरे’ हे संगीतनाटक आलं. त्यात विनोद होता, पण त्याची धग गंभीर होती आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. २००२ मध्ये ते न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर नेताना विनोद फार वाढवला गेला. तिथे ते ५६ प्रयोगांत बंद झालं. अशा अपयशाला बाकीचीही कारणं असतात, पण व्हॅम्पायरलाच विदूषक केल्यावर उरतं काय?

चाव्याच्या प्रवेशातल्या इतर गोष्टी. तुम्ही त्या वेळी पूर्ण रंगमंच लाल करता, असं प्रकाशाच्या आराखड्यात दिसतंय. तो लाल काढा. लाल प्रकाशात लाल रक्त दिसत नाही. त्वचाही उजळते, रक्तही उजळतं, आणि मागच्या रांगांना नायिकेची मान नुसती ओलसर वाटते. निळ्यात तेच रक्त काळं दिसतं, शाई सांडल्यासारखं. रक्ताला रक्ताचा रंग हवा असेल तर बाजूने, मानेच्या उंचीवरून, एक मऊ पांढरा दिवा द्या आणि बाकी सगळं मंद ठेवा. रक्तही थोडंच. पहिल्या तीन रांगांना चमक दिसते, बाल्कनीला फक्त डाग दिसतो. दोघांना पटेल असा एकच ओघळ पुरतो.

दातांबद्दल माझं मत ठाम आहे: काढून टाका. खोटे सुळे लावले की ‘स’ आणि ‘श’ घसरतात, ओठ बाहेर येतो, आणि ज्या पात्राने हळू आवाजात घर ताब्यात घ्यायचं ते पात्र लहान मुलासारखं बोबडं बोलायला लागतं. १९३१ च्या ‘ड्रॅक्युला’ चित्रपटात काउंट झालेल्या बेला लुगोसीने सुळे दाखवलेलेच नाहीत, आणि तरी आज कुणीही नक्कल करायची म्हटलं की त्याचीच करतो.

आणि चावा मानेवर दाखवायचा अट्टहास सोडा. प्रेक्षकाला मान दिसतच नाही, काउंटचं डोकं आड येतं. आमच्या नायिकेने तो चावा हातात आणला. खुर्चीच्या पाठीवर तिचा उजवा हात घट्ट होता, बोटांची पेरं पांढरी पडलेली. काउंट वाकला की आधी करंगळी सुटायची, मग एकेक बोट, आणि शेवटी पूर्ण तळहात उघडा, वर बघणारा. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ते दिसायचं. तिसऱ्या प्रयोगापासून तिने अंगठा सगळ्यात शेवटी, अर्धा सेकंद उशिरा सोडायला सुरुवात केली, मला न विचारता. त्या अंगठ्यावर पुढच्या रांगांतून ‘च्’ असा आवाज यायचा. माझ्या लेखी ती आमच्या नाटकाला मिळालेली सगळ्यात मोठी दाद होती.

धूर कमी करा. कोरड्या बर्फाचा धूर जड असतो, तो जमिनीलगत वाहत थेट पुढच्या रांगांत उतरतो. लोक खोकतात. आणि खोकला म्हणजे तुम्ही दहा मिनिटं खपून उभी केलेली शांतता फुकट गेली.

आता प्रतिक्रियांकडे. तुमच्या पत्रात मला खटकलेलं एकमेव वाक्य म्हणजे ‘दुसऱ्या अंकात काही प्रतिक्रियाच आली नाही’. चिडीचूप शांतता ही प्रतिक्रियाच आहे, फक्त ती दोन जातींची असते आणि कान लावल्याशिवाय फरक कळत नाही. गुंतलेल्या प्रेक्षकाच्या शांततेत खोकला नसतो. माणसं खोकला अडवून धरतात आणि दिवे बदलले की एकदम दहाबारा जण खोकतात. कंटाळलेल्या शांततेत खोकला विखुरलेला असतो, एक इकडे, एक तिकडे, खुर्च्या कुरकुरतात, कुठेतरी मांडीवर मोबाइलचा उजेड पडतो. मेखेच्या प्रवेशानंतर दिवे बदलताना खोकल्याची लाट येते, असं तुम्हीच दुसऱ्या संदर्भात लिहिलंय. ती तुम्ही तक्रार म्हणून लिहिलीत. मी ती पावती म्हणून वाचली. त्या प्रवेशाला हात लावू नका.

‘भीती काही वाटली नाही’ हे वाक्य प्रेक्षागृहाबाहेर, उजेडात, ओळखीच्या माणसांत उभं राहून बोललं जातं. घाबरलो हे कबूल करणं अनेकांना जड जातं. म्हणून जो माणूस असं म्हणेल त्याला वाद घालू नका, ‘कुठला प्रवेश आठवतोय?’ एवढंच विचारा. त्याने बोटं सुटतानाचा हात सांगितला तर तो घाबरला होता. त्याने नेपथ्य छान होतं असं सांगितलं तर तो खरंच घाबरला नव्हता, आणि मग त्याचं म्हणणं गंभीरपणे घ्यायचं.

पण सगळ्यांनी घाबरलंच पाहिजे, हे कुणी ठरवलं? १९७७ मध्ये ब्रॉडवेवर ‘ड्रॅक्युला’ पुन्हा आलं, त्याचं नेपथ्य एडवर्ड गोरी या चित्रकाराचं होतं: सगळं काळं-पांढरं, रेषांनी काढल्यासारखं, आणि प्रत्येक दृश्यात लाल रंगाची एखादीच वस्तू. काउंट होता फ्रँक लँगेला. त्याचे ९२५ प्रयोग झाले. तिथे प्रेक्षक त्या माणसाच्या मोहात पडायला येत होता, त्याच्या येण्याची वाट बघत होता. उलट २०१३ मध्ये नॅशनल थिएटर ऑफ स्कॉटलंडने ‘लेट द राइट वन इन’ केलं, त्यात बर्चच्या उघड्या झाडांचं रान आणि दोन एकाकी मुलं. तिथे लोकांना त्या रक्त पिणाऱ्या मुलीची माया वाटते आणि त्या मायेचीच भीती वाटते. मोह, माया, किळस, दया: व्हॅम्पायरकडून प्रेक्षक यांतलं काहीही घेऊन जाऊ शकतो. तुमची संहिता वाचताना मला सतत वाटत होतं की तुमचा काउंट आजारी आणि थकलेला आहे, तुम्हाला त्याच्याबद्दल कणव आहे. मग दिग्दर्शनात त्याला सारखं गुरगुरायला का लावलंय? लोक ‘भीती वाटली नाही’ म्हणतात तेव्हा कदाचित ते हेच सांगत असतील की नाटकाला एक वाटतंय आणि प्रयोग दुसरंच मागतोय.

‘पुस्तकासारखं नाही’ म्हणणाऱ्यांना मी कधी उडवून लावत नाही. पुस्तकावर प्रेम असल्याशिवाय कुणी असं बोलत नाही. फक्त त्यांना एक सांगावंसं वाटतं. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ कादंबरी म्हणजे रोजनिशा, पत्रं, तारा, कात्रणं. पहिल्या चार प्रकरणांनंतर काउंट प्रत्यक्ष फारच थोडा दिसतो. बाकी सगळे त्याच्याबद्दल लिहीत राहतात. स्टोकर स्वतः लंडनच्या लायसियम नाट्यगृहाचा व्यवस्थापक होता, आणि पुस्तक यायच्या आठ दिवस आधी, १८ मे १८९७ रोजी, त्याने नाट्यहक्क राखण्यासाठी तिथे संपूर्ण कथेचं जाहीर वाचन करून घेतलं. ते तासन्‌तास चाललं, आणि तो मसुदा पुढे रंगमंचावर उभा राहिला नाही. पुस्तकासारखं करायचा प्रयत्न पुस्तक लिहिणाऱ्यानेच करून पाहिला होता.

रंगमंचावर जे टिकलं ते हॅमिल्टन डीनचं रूपांतर. १९२४ मध्ये डर्बीत सुरू झालं, गावोगाव फिरलं आणि १४ फेब्रुवारी १९२७ ला लंडनच्या लिटल थिएटरमध्ये आलं. डीनने काउंटचा मुलूख ट्रान्सिल्व्हेनिया काढून टाकला आणि कथा घराच्या खोल्यांत आणली. आता काउंटला दिवाणखान्यात यायचं तर तो सभ्य हवा, संध्याकाळच्या पोशाखातला, हात चुंबणारा. कादंबरीतला काउंट पांढऱ्या मिशांचा म्हातारा आहे. आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर जो उभा राहतो, तो काळ्या झग्यातला रुबाबदार माणूस, तो या रंगमंचाची देणगी आहे. त्या झग्याची उभी कॉलरसुद्धा सोयीची: नट पाठमोरा झाला की डोकं झाकलं जायचं, दुसरी पात्रं झगा धरून उभी राहायची आणि तो आतल्या आत झडपेतून पसार व्हायचा. हातात रिकामा झगा! तेव्हा तुमचा प्रेक्षक जेव्हा ‘खऱ्यासारखा नाही’ म्हणतो, तेव्हा त्याच्या मनातला ‘खरा’ बऱ्याचदा दुसऱ्या एका नाटकाचा असतो.

लंडनच्या समीक्षकांनी डीनच्या नाटकाची खिल्ली उडवली आणि लोक येतच राहिले. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला जॉन बाल्डरस्टनने सुधारलेली संहिता न्यूयॉर्कच्या फुल्टन थिएटरमध्ये लागली, लुगोसीला घेऊन, आणि २६१ प्रयोग चालली. त्या नाटकाच्या शेवटी एक फार हुशार जागा आहे. सगळं संपतं, प्रेक्षक सैल होतो, उठायच्या तयारीत असतो, आणि व्हॅम्पायरचा माग काढणारा व्हॅन हेल्सिंग पुढे येऊन त्यांना थांबवतो. घरी गेल्यावर, दिवे मालवल्यावर, पडद्याआड बघायची भीती वाटली तर घाबरू नका, असा धीर देत देत तो शेवटी सांगतो की अशा गोष्टी खरंच असतात. आधी हसू, मग दारापर्यंत सोबत येणारा शहारा. श्वास सोडायला जागा देऊन त्याच श्वासावर पुन्हा हात ठेवणं हेच ते, फक्त इथे ते नाटकाच्या सगळ्यात शेवटी केलंय.

डीनने लंडनमध्ये प्रेक्षागृहात गणवेशातली परिचारिका उभी केली होती, कुणी बेशुद्ध पडलं तर. काळजीही झाली आणि जाहिरातही. इथे मी तुम्हाला कळकळीने सांगतो: तुमच्या त्या तरुणाची भोवळ जाहिरातीत वापरू नका. रक्त पाहून काही जणांची नाडी आणि रक्तदाब एकदम खाली येतो. त्यात धैर्याचा किंवा नाटकाच्या दर्जाचा संबंध नसतो. अशा माणसाला खुर्चीत सरळ बसवून धरायचं नसतं, आडवं करून पाय वर घ्यायचे असतात. दारावरच्या माणसांना हे माहीत हवं. प्रयोग थांबवायचा की नाही हा निर्णय एकट्या रंगमंच व्यवस्थापकाचा असावा, आणि तो कोणत्या खुणेवर घ्यायचा हे आधी ठरलेलं असावं. तिसऱ्या रांगेवर दिव्यांची उष्णता किती येते, तेही एकदा तिथे बसून बघा.

उठून गेलेल्या बाईंबद्दल तुम्ही फक्त एक ओळ लिहिलीत. मला मात्र त्यांच्याबद्दल जास्त जाणून घ्यायला आवडलं असतं. चाव्याचा प्रवेश म्हणजे एका बाईच्या खोलीत रात्री शिरलेला पुरुष आणि तिला नकार देता न येणं. कुणाला ते झगा आणि सुळ्यांचं दिसतं, कुणाला स्वतःचं आयुष्य दिसतं. अशा माणसाचं उठून जाणं हा नाटकावरचा शेरा समजू नका. तिकिटावर आणि दारावर स्पष्ट लिहा: रक्त आहे, जबरदस्तीचा प्रवेश आहे, मोठे आवाज आणि लुकलुकणारे दिवे आहेत. लुकलुकणाऱ्या दिव्यांची सूचना अपस्माराच्या रुग्णांसाठी लागतेच. सूचनेने भीती कमी होते असं माझ्या अनुभवात एकदाही झालेलं नाही. सूचना वाचून आत आलेला माणूस उलट आधीच श्वास धरून बसतो.

एकच प्रयोग बघून काही ठरवू नका. चारशेच्या प्रेक्षागृहात साठ माणसं विखरून बसली की हशा पसरत नाही आणि शांतताही जमत नाही. अशा दिवशी सगळ्यांना पुढे एकत्र बसवा. आणि तेच नाटक पुन्हा बघायला आलेल्यांचं मत वेगळं ऐका. १८५२ मध्ये नाटककार आणि नट डायॉन बूसिकोच्या व्हॅम्पायर नाटकाला राणी व्हिक्टोरिया गेली तेव्हा त्यातल्या त्याच्या कामाने इतकी प्रभावित झाली की तिने त्याचं चित्र काढून घेतलं. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा तिला ते अगदी सुमार वाटलं. दुसऱ्या वेळी करामत उघडी पडते आणि पात्रांमध्ये काही असेल तेवढंच उरतं.

सातव्या प्रयोगाला विंगेत उभे राहू नका, तिथून फक्त नट दिसतात. मागच्या भिंतीला टेकून उभे राहा, हातात संहिता आणि पेन्सिल. मोलकरणीचं एखादं साधं वाक्य घाला, लाल दिवे बंद ठेवा, सुळे काढा. बाकी काही बदलू नका. त्या वाक्यापासून चाव्यापर्यंत जिथे खोकला येईल, खुर्ची वाजेल, कुणी हसेल, तिथे समासात खूण करा. आठव्या आणि नवव्यालाही तेच करा. तिन्ही दिवशी एकाच ओळीवर खूण पडली, तर ती ओळ मला पाठवा.